१०८०पी मधल्या ओळी आणि बटाट्याच्या शेतातला फिलो फार्न्सवर्थ

यूट्यूबवर व्हिडिओ अडखळायला लागला की आपण सगळे एकच काम करतो. गिअरच्या खुणेवर टॅप करायचं, क्वालिटीमध्ये जायचं आणि १०८०पी वरून ७२०पी, नाहीतर थेट ३६०पी वर उतरायचं. डेटा संपत आला असेल तर १४४पी. पण हे १०८० म्हणजे नक्की १०८० काय? पिक्सेल म्हणाल तर फुल एचडीच्या एका फ्रेममध्ये वीस लाखांहून जास्त पिक्सेल असतात. १०८० हा आकडा आहे आडव्या ओळींचा. चित्र वरून खालपर्यंत १०८० ओळींत कापलेलं आहे, एवढंच तो सांगतो. (फोन उभा धरून काढलेल्या व्हिडिओत हाच आकडा रुंदीला लागतो, पण सवय तीच जुनी.)

ओळी मोजायची ही सवय टीव्हीच्या जन्मापासूनची आहे. त्या जन्माची गोष्ट सांगायची तर अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात, रिग्बी नावाच्या गावाजवळच्या एका शेतावर जावं लागतं. तिथे १९२१ साली १४ वर्षांचा एक पोरगा घोड्यांचं औत हाकत होता. त्याचं नाव फिलो फार्न्सवर्थ. मी कामाला मोबाइल अ‍ॅपच्या स्क्रीनसाठी कोड लिहितो. फ्रेम, स्कॅन, रिफ्रेश, सिंक हे शब्द दिवसातून दहा वेळा तोंडात येतात. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत ह्या माणसाचं नाव मात्र एकदाही कानावर पडलं नव्हतं. म्हणून हा लेख.

फिलोचा जन्म १९ ऑगस्ट १९०६ चा, यूटा राज्यात बीव्हर गावाजवळ, लाकडी ओंडक्यांच्या घरात. पाच भावंडांत हा थोरला. घरात वीज नव्हती. १९१८ मध्ये कुटुंब आयडाहोत नातेवाइकांच्या शेतावर राहायला आलं आणि तिथे एक जनरेटर होता. बारा वर्षांच्या मुलाला दुसरं काय हवं? जनरेटर बिघडला की हा दुरुस्त करायचा. आईचं हाताने फिरवायचं कपडे धुण्याचं यंत्र ह्याने मोटर लावून विजेवर आणलं. माळ्यावर कुणीतरी ठेवून गेलेला तंत्रज्ञानाच्या मासिकांचा ढीग सापडला, तो ह्याने वाचून काढला. गाडीची चोरी होऊ नये म्हणून चुंबकाचं कुलूप सुचवलं आणि एका मासिकाकडून २५ डॉलरचं बक्षीस मिळवलं.

त्या मासिकांत लांबवर चित्र पाठवण्याच्या खटपटींबद्दल लिहून यायचं. तेव्हाचा मार्ग असा होता: एक गोल तबकडी घ्यायची, तिच्यावर सर्पिल क्रमाने भोकं पाडायची आणि ती गरागरा फिरवायची. प्रत्येक भोक चित्रावरून एकेक ओळ ओढत जातं, त्या ओळीतला उजेड-अंधार विजेत बदलतो, आणि पलीकडे तशीच तबकडी फिरवून चित्र पुन्हा जुळवायचं. जर्मनीतल्या पाउल निप्को ह्याने १८८४ मध्ये ह्याचं पेटंट घेतलं होतं. पुढे ब्रिटनमध्ये जॉन लोगी बेअर्डने ह्याच मार्गाने ३० ओळींचं, सेकंदाला साडेबारा फ्रेम्सचं चित्र दाखवलं. ३० ओळी! आपल्या १४४पी च्याही जेमतेम पाचव्या हिश्शाएवढ्या. आणि ओळी वाढवायच्या तर तबकडी मोठी करा, जोरात फिरवा. लोखंड किती जोरात फिरणार?

आता ती प्रसिद्ध कथा. फिलो बटाट्याच्या शेतात औत हाकतोय. एक तास संपला, वळला, शेजारचा तास धरला. तो संपला, पुन्हा वळला. मागे वळून पाहिलं तर अख्खं शेत एकाखाली एक समांतर तासांनी भरलेलं. आणि त्याला सुचलं, की चित्रही असंच एकेक तास करून वाचता येईल.

कथा छान आहे, आणि फिलो स्वतः ती सांगायचा. पण अनेक ठिकाणी ती अशी सांगतात की ओळीओळीने चित्र कापायची कल्पनाच त्याची, ते मला पटत नाही. ओळी तर निप्कोच्या तबकडीतही होत्या. फिलोला सुचलं ते पुढचं होतं. ह्या ओळी ओढायला फिरणारं काहीच नको. इलेक्ट्रॉनला जवळजवळ वजनच नाही, चुंबक दाखवला की तो वळतो, मग औत इलेक्ट्रॉनचं करा. हाही विचार जगात तो एकटाच करत नव्हता. ब्रिटनमधल्या कॅम्पबेल स्विंटनने १९०८ मध्येच तसं सुचवून ठेवलं होतं, पण ते प्रत्यक्षात चालवून दाखवलं नव्हतं. शेतातल्या पोराला ते माहीत असण्याचं कारण नाही. गंमत म्हणजे पडद्यावरच्या ह्या ओळींच्या जाळ्याला आज आपण रास्टर म्हणतो, आणि तो शब्द लॅटिनमधल्या रास्ट्रम, म्हणजे शेतातल्या दाताळ्यावरून आलाय. ग्राफिक्स शिकणाऱ्यांनो, रास्टरायझेशनचं मूळ शेतात आहे.

शेताची उपमा एका ठिकाणी मात्र तुटते, आणि ते ठिकाण महत्त्वाचं आहे. शेतकरी तास संपला की तिथूनच वळतो आणि उलट दिशेने परत येतो, उगाच रिकामा कशाला चालेल? टीव्हीचा किरण तसं करत नाही. तो डावीकडून उजवीकडे संथपणे ओळ ओढतो, झटक्यात परत डावीकडे येतो, आणि पुढची ओळ पुन्हा डावीकडूनच सुरू करतो. आपण वहीत लिहितो तसं. किरण वळवणाऱ्या करंटचा आलेख काढला तर करवतीच्या दातांसारखा दिसतो: हळू चढ, एकदम उतार. परत येताना किरण विझवून ठेवायचा, नाहीतर चित्रावर तिरक्या रेघोट्या उठतील. ह्या विझवण्याला ब्लँकिंग म्हणतात. आणि प्रत्येक ओळ, प्रत्येक फ्रेम कुठे सुरू होते हे कॅमेऱ्याने टीव्हीला सांगायचं, ते सिंक. घरातल्या मोठ्यांना विचारा, जुन्या टीव्हीत चित्र वर-वर सरकत राहायचं आणि एक बटण पिळून ते थांबवायला लागायचं. तेव्हा उभा सिंक सुटलेला असायचा. आज गेमच्या सेटिंगमध्ये व्ही-सिंक दिसतं ना, त्यातला व्ही तोच उभा. किरण कधीच गेला, नाव राहिलं. माझ्या कोडमध्ये स्क्रीनचा शून्य-शून्य बिंदू डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो, आणि मेमरीत चित्र ओळीखाली ओळ असं साठवलेलं असतं. किरणाचा रस्ताही तोच होता.

१९२२ मध्ये फिलोने ही सगळी कल्पना रिग्बी हायस्कूलमधल्या रसायनशास्त्राच्या शिक्षकांना, जस्टिन टोलमन सरांना, फळ्यावर आकृत्या काढून समजावली. वहीच्या एका पानावरही एक आकृती काढून दिली. सरांनी ते पान जपून ठेवलं. हे पान लक्षात ठेवा.

पुढची काही वर्षं ओढाताणीची. कुटुंब यूटातल्या प्रोव्होला गेलं, फिलो तिथल्या विद्यापीठात शिकायला लागला, आणि जानेवारी १९२४ मध्ये वडील न्यूमोनियाने गेले. थोरल्या मुलाचं शिक्षण तिथेच अर्धवट राहिलं. रेडिओ दुरुस्तीचा धंदा करून पाहिला, तो बुडाला. सॉल्ट लेक सिटीत जॉर्ज एव्हरसन आणि लेस्ली गोरेल हे दोघे निधी गोळा करायचं काम करायचे, त्यांच्या हाताखाली तो लागला. एकदा बोलता बोलता टीव्हीचा विषय निघाला आणि त्या दोघांनी ६,००० डॉलर घालायची तयारी दाखवली. २७ मे १९२६ ला फिलोचं एल्मा गार्डनरशी लग्न झालं, जिला सगळे पेम म्हणत. लग्न करून दोघं निघाले ते थेट कॅलिफोर्नियाला, टीव्ही बनवायला. तेव्हा अमेरिकेत दारूबंदी होती. लॉस एंजेलिसच्या घरात दिवसभर पडदे ओढलेले आणि आत काचेच्या नळ्या, तारा. हातभट्टी समजून पोलीस घरात शिरले, अशी आठवण पेमने सांगितली आहे.

मग सॅन फ्रान्सिस्कोतल्या बँकवाल्यांच्या एका गटाने २५,००० डॉलर दिले आणि ग्रीन स्ट्रीटवर प्रयोगशाळा उभी राहिली. पेमचा भाऊ क्लिफ गार्डनर काचा फुंकायचं काम करता करता शिकला, आणि तज्ज्ञांनी होणार नाही म्हटलेल्या ट्यूब त्याने बनवल्या. ७ जानेवारी १९२७ ला पेटंटचा अर्ज गेला.

ह्या कॅमेरा ट्यूबचं नाव होतं इमेज डिसेक्टर. नाव ऐकून घाबरू नका, काम सोपं आहे. ट्यूबच्या एका टोकाला असा थर असतो की उजेड पडला की त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. जिथे उजेड जास्त तिथे इलेक्ट्रॉन जास्त. म्हणजे समोरच्या चित्राची एक इलेक्ट्रॉनची प्रत हवेत, खरं तर निर्वातात, तयार होते. ट्यूबच्या दुसऱ्या टोकाला एक बारीक भोक. चुंबकांनी ही अख्खी प्रत डावी-उजवी, वर-खाली हलवायची, म्हणजे चित्राचा एकेक ठिपका क्रमाने त्या भोकासमोर येतो आणि त्याचे इलेक्ट्रॉन आत जातात. नांगर एका जागी उभा आणि शेतच त्याच्यासमोरून सरकतंय, असं काहीसं.

७ सप्टेंबर १९२७. एका खोलीत क्लिफने काचेची स्लाइड लावली, तिच्यावर फक्त एक सरळ रेघ. दुसऱ्या खोलीत फिलो, पेम आणि मंडळी पडद्याकडे बघत बसलेली. पडद्यावर रेघ दिसली. क्लिफने स्लाइड फिरवली, पडद्यावरची रेघही फिरली. बस, एवढंच. पण कॅमेऱ्यात आणि पडद्यात दोन्हीकडे फिरणारा एकही भाग नव्हता. जपानमध्ये केंजिरो ताकायानागीने १९२६ च्या डिसेंबरात पिक्चर ट्यूबवर ४० ओळींचं एक अक्षर दाखवलं होतं, पण त्याचा कॅमेरा तबकडीचाच होता. दोन्ही टोकं इलेक्ट्रॉनची, हे फिलोने आधी करून दाखवलं. तेव्हा त्याचं वय २१.

पैसे घालणाऱ्यांना रेघेशी काय देणंघेणं? आमचे डॉलर कधी दिसणार, हा त्यांचा धोशा होता. १९२८ मध्ये फिलोने त्यांना पडद्यावर डॉलर दाखवलेच: डॉलरचं चिन्ह. १९२९ मध्ये पेमचा चेहरा दाखवला. त्या चित्रात तिचे डोळे मिटलेले आहेत, कारण दिव्यांचा उजेड सहन होण्यापलीकडचा होता.

हे मिटलेले डोळे म्हणजे फिलोच्या कॅमेऱ्याचं खरं दुखणं. विचार करा, चित्रात समजा १०,००० ठिपके आहेत. भोकासमोर एका वेळी एकच येतो. बाकी ९,९९९ ठिपक्यांमधून निघालेले इलेक्ट्रॉन त्या क्षणी वाया. म्हणजे आलेल्या उजेडाचा दहा हजारावा भाग वापरायचा आणि उरलेला फेकून द्यायचा. फिलोने पुढे इलेक्ट्रॉनची संख्या ट्यूबमध्येच अनेक पटींनी वाढवायची युक्ती जोडली, पण मुळातली गळती राहिलीच.

हीच गळती बंद करायच्या मागे दुसरा एक माणूस होता. व्लादिमीर झ्वोरिकिन, रशियातून आलेला इंजिनिअर, वयाने आणि शिक्षणानेही मोठा. १९२३ मध्ये त्याने टीव्हीच्या पेटंटचा अर्ज केला होता. एप्रिल १९३० मध्ये तो फिलोच्या प्रयोगशाळेत तीन दिवस राहिला. डिसेक्टर हातात घेऊन त्याने कौतुक केलं, आणि परत जाऊन तशीच ट्यूब बनवून घेतली. तो आता आरसीए ह्या रेडिओतल्या राक्षसी कंपनीकडे होता. १९३१ मध्ये आरसीएचे प्रमुख डेव्हिड सार्नोफ स्वतः प्रयोगशाळेत येऊन गेले आणि सगळंच विकत घेण्यासाठी १,००,००० डॉलर द्यायला तयार झाले. फिलोने नकार दिला. त्याला विकायचं नव्हतं. लायसन्स द्यायचं होतं, रॉयल्टी घ्यायची होती आणि आपली प्रयोगशाळा आपली ठेवायची होती. आरसीएचा शिरस्ता उलटा: आम्ही रॉयल्टी घेतो, देत नाही.

झ्वोरिकिनने जो कॅमेरा तयार केला, आयकोनोस्कोप, त्यात प्रत्येक ठिपक्याखाली जणू एक वाटी ठेवलेली होती. किरण पुन्हा त्या ठिपक्यावर येईपर्यंत उजेडाने तयार झालेला चार्ज त्या वाटीत साठत राहायचा. वाया काही नाही. माझं प्रामाणिक मत सांगतो: आपल्या फोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर ह्या वाट्यांच्या घराण्यातला आहे, डिसेक्टरच्या नाही. नाइट मोडमध्ये फोन दोन-तीन सेकंद हलवू नका म्हणतो, तेव्हा तो वाट्या भरत असतो. फिलोला टीव्हीचा एकमेव बाप म्हणणारे लेख हा भाग गाळतात, आणि आरसीएचा इतिहास अनेक वर्षं फिलोलाच गाळत होता.

ओळ मात्र सुटलेली नाही. फोनचा सेन्सर वाट्या रिकाम्या करतो त्या बहुतेक वेळा एकेक ओळ करून. खात्री करायची असेल तर चालू लोकलच्या खिडकीतून जवळच्या खांबांचा व्हिडिओ काढा. सरळ खांब तिरके दिसतात, कारण वरची ओळ वाचून खालच्या ओळीपर्यंत येईतो खांब पुढे सरकलेला असतो. ह्याला रोलिंग शटर म्हणतात. तुमच्या फोनची स्क्रीनसुद्धा ओळीओळीनेच ताजी होते. १२० हर्ट्झ म्हणजे हे वरून खाली ताजं करणं सेकंदाला १२० वेळा.

नकारानंतर फिलो १९३१ मध्ये फिलाडेल्फियाला गेला, फिल्को ह्या रेडिओ बनवणाऱ्या कंपनीबरोबर काम करायला. तिथे मार्च १९३२ मध्ये त्याचा धाकटा मुलगा केनी घशाच्या संसर्गाने गेला. आज ज्याला आठवड्याच्या गोळ्या पुरतात असा जंतू, पण तेव्हा औषध नव्हतं. मुलाला यूटात घरच्या मातीत ठेवायचं होतं. कंपनीने फिलोला रजा दिली नाही आणि पेम मुलाची शवपेटी घेऊन एकटी रेल्वेने गेली, असं पेमने आपल्या आठवणींत लिहिलं आहे. त्यानंतर बराच काळ दोघांमध्ये धड बोलणंही नव्हतं. फिल्कोशी त्याचं नातं लवकरच संपलं.

पेटंटची लढाई दरम्यान चालूच होती. आरसीएचं म्हणणं, झ्वोरिकिनचा १९२३ चा अर्ज आधीचा. फिलोच्या वकिलांनी टोलमन सरांना शोधून काढलं. सरांनी साक्ष दिली, शाळेतल्या पोराने फळ्यावर काय काढलं होतं ते सांगितलं आणि ते जपलेलं पान पुढे ठेवलं. सिनेमात शोभेल असा हा प्रसंग, पण निकाल त्या पानावर लागला असं समजू नका. मुद्दा तांत्रिक होता. इलेक्ट्रॉनची जी अख्खी प्रत डिसेक्टरमध्ये तयार होते, ती झ्वोरिकिनच्या १९२३ च्या अर्जात खरोखर होती का? १९३४ मध्ये पेटंट कार्यालयाने हक्क फिलोचा ठरवला. आरसीएने अपील केलं, त्यातही हरली. १९३९ मध्ये ह्या कंपनीने दहा वर्षांत १० लाख डॉलर आणि वर रॉयल्टी द्यायचं मान्य केलं. रॉयल्टी न देणाऱ्या आरसीएने!

त्याआधी, ऑगस्ट १९३४ मध्ये, फिलोने फिलाडेल्फियातल्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटमध्ये सामान्य लोकांसाठी टीव्ही लावला होता. लोक तिकीट काढून आत यायचे आणि दारातच स्वतःला पडद्यावर बघायचे, सेल्फी कॅमेरा उघडल्यासारखे. लंडनमध्ये बेअर्डने त्याचा कॅमेरा लायसन्सवर घेतला, पण बीबीसीच्या चाचणीत बेअर्डच्या २४० ओळींपुढे ईएमआयच्या ४०५ ओळी होत्या, आणि ३० नोव्हेंबर १९३६ ला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बेअर्डची प्रयोगशाळा जळाली. सामना तिथेच संपल्यात जमा.

हे ओळींचे आकडे तेव्हाच्या टीव्हीवाल्यांची स्पर्धा होती, जशी आज मेगापिक्सेलची. अमेरिकेने १९४१ मध्ये ५२५ ओळी ठरवल्या, त्यातल्या सुमारे ४८० पडद्यावर दिसायच्या, बाकीचा वेळ किरण खालून वर परत जाण्यात. यूट्यूबवरचं ४८०पी तिथून आलं. आपल्या दूरदर्शनने ६२५ ओळी घेतल्या, त्यातल्या ५७६ दिसायच्या. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं तेव्हा वरळीहून निघणारं काळं-पांढरं चित्र ह्याच ६२५ ओळींचं होतं.

आणि तो पी? सेकंदाला २५ पूर्ण चित्रं दाखवली तर पडदा लुकलुकतो, ५० दाखवायची तर चॅनेलला जागा पुरत नाही. म्हणून आधी फक्त एक, तीन, पाच अशा ओळी ओढायच्या, मग परत वर जाऊन दोन, चार, सहा. हे इंटरलेस्ड, खूण आय. ही युक्ती फिलोची नव्हे. जर्मनीत टेलिफुंकेनच्या आणि अमेरिकेत आरसीएच्या इंजिनिअरांनी १९३० च्या आसपास काढली. सगळ्या ओळी सरळ क्रमाने ओढल्या तर प्रोग्रेसिव्ह, खूण पी. शेतकऱ्याला विचारलं तर तो पी च निवडेल. एक तास सोडून औत कोण हाकतं?

खटला जिंकला, मग फिलो श्रीमंत झाला का? नाही, आणि इथे खलनायक शोधायची गरज नाही, कॅलेंडर पुरेसं आहे. पेटंट मिळालं ऑगस्ट १९३० मध्ये, मुदत १७ वर्षं. आरसीएने पैसे मान्य केले १९३९ मध्ये. १९४२ मध्ये युद्धामुळे अमेरिकेत टीव्ही संच बनवणं थांबलं. १९४७ मध्ये पेटंट संपलं. त्यानंतर घराघरांत टीव्ही शिरला. ज्या १७ वर्षांत कमवायचं होतं, त्यातली निम्मी कोर्टकचेरीत गेली आणि उरलेल्यांतली बरीच युद्धात. अ‍ॅप बनवणारी आमची पिढी आयडिया चोरीला जाईल म्हणून घाबरते. फिलोची आयडिया सिद्ध झाली होती, कागदावर त्याच्या नावाने होती, तरीही वेळ निघून गेली.

तोवर त्याची तब्येत ढासळली होती. दारूही वाढली होती. तो मेन राज्यात एका शेतावर जाऊन राहिला. १९४७ मध्येच तिथलं घर आगीत गेलं. फोर्ट वेनमधली त्याच्या नावाची टीव्ही-रेडिओ कंपनी १९४९ मध्ये आयटीटीला विकली गेली.

३ जुलै १९५७ ला तो पहिल्यांदाच देशभर दिसणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमात आला. कार्यक्रमाचा खेळ असा की पाहुण्याचं गुपित परीक्षकांनी ओळखायचं. त्याचं गुपित होतं की चौदाव्या वर्षी त्याने इलेक्ट्रॉनिक टीव्ही शोधला. कुणालाही ओळखता आलं नाही. बक्षीस मिळालं ८० डॉलर आणि सिगारेटचा एक खोका. नंतरच्या गप्पांत तो मागच्या कटुतेबद्दल बोलला नाही. ५२५ ऐवजी २,००० ओळींच्या टीव्हीबद्दल बोलला, आणि भिंतीवर तसबिरीसारख्या टांगता येईल अशा पातळ पडद्याबद्दल. आज आपण ज्याला ४के म्हणतो त्यात २,१६० ओळी असतात. (४के म्हणताना मात्र मोजायची दिशा बदलली. ओळी सोडून रुंदीचे ३,८४० पिक्सेल मोजले, म्हणजे आकडा दांडगा दिसतो.)

शेवटची वर्षं त्याने अणूंच्या संमीलनातून ऊर्जा मिळवण्याच्या मागे घालवली. त्यासाठी बनवलेलं फ्यूझर नावाचं उपकरण हौशी पोरं अजून गॅरेजमध्ये बनवतात, पण खर्चापेक्षा जास्त ऊर्जा त्यातून कधी निघाली नाही. घरचे होते नव्हते ते पैसे त्यात गेले.

२० जुलै १९६९. फिलो आणि पेम घरी टीव्हीसमोर. चंद्रावरचा कॅमेरा बँडविड्थ वाचवायला सेकंदाला फक्त १० फ्रेम पाठवत होता, ३२० ओळींच्या. घरातल्या टीव्हीला हव्या होत्या ५२५. मग पृथ्वीवर काय केलं, तर चंद्राचं चित्र एका मॉनिटरवर लावलं आणि त्या मॉनिटरसमोर दुसरा टीव्ही कॅमेरा ठेवला. आपण लॅपटॉपच्या स्क्रीनचा फोनने फोटो काढतो तसं! म्हणून आर्मस्ट्राँगचं ते पाऊल इतकं धूसर दिसतं. ते बघून फिलो पेमला म्हणाला की सगळे कष्ट वसूल झाले. त्याआधी अनेक वर्षं तो घरात टीव्ही लावूही देत नसे.

११ मार्च १९७१ ला तो न्यूमोनियाने गेला, वडिलांसारखाच. वय ६४. नावावर अमेरिकेतली आणि बाहेरची मिळून जवळपास ३०० पेटंटं, आणि डोक्यावर कर्ज. पुढची पस्तीस वर्षं पेम त्याचं नाव लोकांपर्यंत पोहोचवत राहिली. २००६ मध्ये ती ९८ व्या वर्षी गेली.

यूटातल्या शाळकरी मुलांनी मोहीम चालवली आणि १९९० मध्ये फिलोचा पुतळा वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसद भवनात बसला. हातात डिसेक्टर ट्यूब धरलेला. प्रत्येक राज्याला तिथे दोनच पुतळे ठेवता येतात. २०२४ च्या डिसेंबरात तो काढून त्या जागी मार्था ह्यूज कॅनन ह्या डॉक्टर बाईंचा पुतळा बसवला, ज्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला स्टेट सिनेटर होत्या.